एल्सेच्या जागी

ज्या वर्षी मिकेलच्या मुलीची, डॉर्थियाची, तान्ही गोवराने गेली आणि पुढच्याच महिन्यात मँटायच्या टेकडीवरचं मंदिर उघडलं, त्याच वर्षी, म्हणजे १८८८ साली, मिकेलच्या पायांना सूज आली. आधी ती घोट्यांवर होती. गव्हाची कापणी होईतो गुडघ्यांवर चढली, आणि बटाटे काढायच्या वेळी तर मांड्यांचा ओंडका झाला. आडवं झालं की छाती भरून यायची, म्हणून तो खुर्चीत बसूनच झोपायचा. बायको मारेन त्याला जुनिपरच्या फळांचा काढा देई. तो नाक न मुरडता प्यायचा. त्यावरूनच घरातल्यांना कळलं की त्याने आशा सोडली आहे, कारण एरवी कडू काही घ्यायचं तर मिकेल तासभर वाद घालणारा माणूस.

मरणाचं भय त्याला नव्हतं. भय होतं ते नंतरचं.

आमच्या ख्रिस्ती पंथात विधीने बांधलेली लग्नाची कायमची गाठ मेल्यावरही टिकते, आणि तिच्यामुळेच नवरा, बायको, मुलं यांची साखळी तिकडे एकत्र राहते. मारेनची तशी गाठ बांधलेली होती लॉरिट्सशी. लॉरिट्स तिचा पहिला नवरा. लग्नाला पुरतं वर्षही झालं नव्हतं, तोच आमच्या लोकांचा डॅनिश तांडा हातगाड्या ओढत इकडे येत असताना वाटेत प्लॅट नदीच्या काठी हगवणीने गेला. उरलेले लोक पंथाच्या मुख्य गावी, सॉल्ट लेकला, पोचल्यावर तिथे तिची त्याच्याशी अनंतकाळची गाठ बांधली गेली. मेलेल्या लॉरिट्सच्या जागी तिचा हात धरून जो उभा राहिला, तो मिकेल, त्याच गाडीच्या दांडीला लॉरिट्सच्या शेजारी जुंपलेला. त्याच दुपारी, त्याच खोलीत मिकेलचं आणि तिचं लग्न लागलं. ते मात्र मरेपर्यंतचंच. तेव्हा कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. विधवेला आधार पाहिजे होता, मेलेल्याला वंश पाहिजे होता, आणि मिकेल पंचविशीतला गडी, मरण त्याच्या गावीही नव्हतं. पुढे झालेली मुलं आपसूक लॉरिट्सची ठरली. आमच्यात नियमच तसा. रक्त मिकेलचं, घराणं लॉरिट्सचं. मुलं लॉरिट्सला ‘मोठे बाबा’ म्हणत आणि मिकेलला ‘बाबा’. मोठ्या बाबांना त्यांच्यातल्या कुणी कधी पाहिलं नव्हतं.

ऑक्टोबरातला पहिला गुरुवार होता. उपासाचा दिवस. प्रार्थनेहून येऊन सगळ्यांनी मिकेलच्या घरी जेवायचं ठरलं होतं, कारण त्याला आता गावातल्या प्रार्थनाघरापर्यंतही जाववत नव्हतं. धाकटी सिने खिडकीशी उभी होती.

“आई, मेट्टे काकू आल्या,” ती म्हणाली. “आणि बरोबर कुणी दाढीवाली बाई आहे.”

“गप बस. काका आहेत ते.”

लॉरिट्सचा धाकटा भाऊ रास्मुस गाडीतून उतरला. डोक्याला थोरल्या बायकोची, मेट्टेची, उन्हाची टोपी, हनुवटीखाली नाडीची गाठ. दोन बायका करणं आमच्यात चालायचं पण कायद्याने गुन्हा होता, म्हणून तशा पुरुषांना सरकारी शिपाई त्या वर्षी सशासारखे हुडकत होते, आणि रास्मुसच्या तर दोघी एकाच गल्लीत राहायच्या. तो मागल्या दाराने आत आला, टोपी काढून खुंटीला टांगली आणि नाक वर करून हुंगलं.

“वास कसला येतोय?”

“बार्ली भाजली होती, काका,” सिने म्हणाली.

कॉफीचं भांडं चुलीमागे लाकडांत दडवलेलं होतं. कॉफी आमच्या पंथात वर्ज्य, आणि खोऱ्यातल्या डॅनिश घरांत ती सोडायला सांगून सांगून पंथातली वडील मंडळी थकली होती. रास्मुस तर बिशपचा मदतनीस. पण त्याच्याही घरी तीच बार्ली भाजली जात असे, हे मेट्टेच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

थोरला हायरम आधीच येऊन बसला होता. तो रास्मुसच्या गिरणीत काम करायचा, त्यामुळे त्याच्या भुवयांवर नेहमी पीठ असायचं. डॉर्थिया एकटी आली. तान्ही गेल्यापासून ती कुठेही गेली की दाराजवळची जागा धरायची.

वाळलेल्या आलुबुखाऱ्यांचं गोड सूप, राईचा पाव, खारवलेलं मांस. उपासाच्या पोटाने सगळे मुकाट्याने जेवले. मिकेलने पाव सुपात बुडवला आणि तसाच ताटलीत ठेवला.

“रास्मुस,” तो म्हणाला, “तू आहेस म्हणून आजच विचारून टाकतो. बांधलेली गाठ सोडवता येते म्हणतात. वर सॉल्ट लेकला अर्ज करावा लागतो.”

“कुणाची गाठ?”

“मारेनची.”

हायरमच्या हातातला चमचा थांबला.

“बाईने अर्ज करायचा,” मिकेल शांतपणे पुढे म्हणाला. “मेलेल्याच्या घरच्यांनी हरकत नाही म्हणून सही द्यायची. घरचा म्हणजे तूच उरलायस. मग ती माझ्याशी बांधली जाईल आणि मुलंही माझ्याशी. मंदिर आता दारात आहे. फार दिवस लागू नयेत.”

“तीस वर्षं गप्प बसलास.”

“तीस वर्षं पाय धड होते.”

रास्मुसने तोंड पुसलं. तो वाईट माणूस नव्हता. भावाला ज्या खड्ड्यात ठेवलं त्याच्यावर लांडग्यांनी उकरू नये म्हणून दगड रचता रचता त्याची नखं निघाली होती. तेव्हा तो मिसरूड न फुटलेला पोरगा होता. त्या दिवसानंतर भावाच्या वतीने बोलणं हेच त्याचं अर्धं आयुष्य झालं होतं.

“लॉरिट्सने काय गुन्हा केला?” तो म्हणाला. “मेला, एवढाच ना? जगला असता तर हे घर त्याचं असतं, ही पोरं त्याची असती. मरताना त्याच्याजवळ एवढं एकच होतं, की बायको आपली आहे. तेही काढून घेऊ म्हणतोस? तू? तुझ्या मांडीवर डोकं होतं त्याचं.”

“होतं.”

“मग?”

“मग काही नाही. मला एकटं राहायचं नाहीये, रास्मुस. तिथे ज्याचं कुणी नसतं तो दुसऱ्यांच्या दारचा गडी होतो, हे तूच सभेत सांगतोस. मी तिथे लॉरिट्सच्या घरी पाणी भरू? माझीच पोरं जेवायला बसलेली, आणि मी दारात?”

सिने म्हणाली, “मी येते तुमच्याकडे, बाबा. माझं नाव त्यांच्यातून काढा.”

“तुझं एकटीचं निघत नाही, बाळ.”

“का नाही? गोठ्यातलं एक वासरू दुसऱ्याला देता येतं, मग—”

“सिने!” हायरम ओरडला. मग वडिलांकडे वळून म्हणाला, “बाबा, मग मी लोकांना कुणाचा मुलगा म्हणून सांगू?”

“माझा,” मिकेल म्हणाला. “नाक बघ की आरशात.”

सिने हसली. मेट्टेलाही हसू आलं. हायरमचा चेहरा पिठाखाली लाल झाला.

आमचे पहिले लोक इकडे पोचले त्याची आठवण म्हणून दरवर्षी चोवीस जुलैला मिरवणूक निघे, आणि तीत हायरम जुनी हातगाडी ओढायचा. लहानपणी त्याला नुसतंच गाडीवर बसवत आणि कुणीतरी मोठ्याने सांगे, हा त्या लॉरिट्सचा मुलगा, जो दांडीला हात असताना पडला. लोक टोप्या काढत. मिकेल रस्त्याच्या कडेला इतरांचे घोडे धरून उभा असे. हायरमने त्याला तिथे कितीदा तरी पाहिलं होतं, आणि त्यात काही चुकतंय असं त्याला कधी वाटलं नव्हतं. आज पहिल्यांदा वाटलं. म्हणूनच तो जास्त चिडला.

“मोठ्या बाबांचं नाव मी टाकणार नाही,” तो म्हणाला. “ते मूलबाळ न होता मेलेत. मागे एक दगडसुद्धा नाही त्यांच्या नावाचा. मीच आहे.”

“डॉर्थिया, तुला काय वाटतं?” मिकेलने विचारलं. या मुलीवर त्याचा भरवसा होता. हीच त्याच्या पायांच्या पट्ट्या धुवायला यायची.

डॉर्थिया दाराकडे बघत होती. “आधी जुनी गाठ सोडायची, मग नवी बांधायची, असंच ना?”

“हो.”

“आणि मधेच तुम्हाला काही झालं तर? किंवा वरच्यांनी जुनी सोडली आणि नव्याला नाही म्हटलं तर?” तिचा आवाज बारीक झाला. “मी मोठ्या बाबांच्या साखळीत आहे म्हणून माझी पोर साखळीत आहे. तिथे तिला कुणी ना कुणी मांडीवर घेतलं असेल. साखळी तुटली तर तिला कोण घेईल? ती बसतसुद्धा नव्हती अजून, बाबा.”

मिकेलने सुपातला पाव उचलला. तो भिजून तुटला आणि परत ताटलीत पडला.

“वहिनी,” रास्मुस म्हणाला, “आम्ही कितीही बोललो तरी अर्ज तुमचा. तुम्ही सांगा.”

सगळ्यांनी मारेनकडे पाहिलं. मिकेलनेही. तिने त्याच्या डोळ्यांत पाहिलं आणि उठली.

“सूप उतू जातंय,” ती म्हणाली आणि आतल्या खोलीत गेली. सूप चुलीवरून केव्हाच उतरवलेलं होतं.

*

मेट्टे तिच्या मागोमाग आत आली. तिने दार ओढून घेतलं, चुलीमागचं कॉफीचं भांडं काढलं आणि दोन कपांत ओतलं.

“पी. आणि बाहेर जाऊन बोल.”

“काय बोलू?”

“तुझ्या मनात आहे ते. मी यांच्या दुसऱ्या बायकोचा हात माझ्या हाताने यांच्या हातात दिला, मारेन. सगळ्यांसमोर. दुखतंय का, असं मला कुणी विचारलं नाही. तुला विचारतायत तरी.”

मारेनने कप हातात धरला, पण प्यायली नाही. तिने चुलीकडे बघत सांगितलं, “लॉरिट्सने मरताना मला विचारलं होतं, मला सोडणार नाहीस ना. मी ‘नाही सोडणार’ म्हटलं. मरणाऱ्या माणसाला दुसरं काय सांगणार? त्याने चंद्र मागितला असता तरी हो म्हटलं असतं.”

“मग झालं तर.”

“झालं कसं? शब्द तो शब्द.” ती जरा थांबली. “मेट्टे, मला त्याचा चेहरा आठवत नाही. कान आठवतात. उन्हाने सोललेले कान. मी गाडी मागून ढकलायचे, तो पुढे. मला त्याची पाठ आणि कान एवढंच आठवतं.”

“वर गेलीस की ओळखशील.”

“पुनरुत्थानाच्या सकाळी नवरा बायकोला हाक मारून उठवतो म्हणतात. मला त्याचा आवाजही आठवत नाही. सासूबाई सांगायच्या, भावोजींचा आवाज अगदी लॉरिट्ससारखा आहे.” तिने दाराकडे पाहिलं. बाहेर रास्मुस काहीतरी समजावून सांगत होता. त्याचा जाड, घोगरा आवाज फळ्यांतून येत होता. “या आवाजाने मला हाक येणार. आणि मी उठायचं.”

मेट्टेने कप खाली ठेवला. तिला हसावं की रडावं कळेना. हाच आवाज तिला आठवड्यातून तीन दिवस जेवायला हाक मारायचा.

“तू मिकेलबरोबर संसार केलास,” ती शेवटी म्हणाली. “जा आणि सांग की मला हा माणूस पाहिजे.”

“पोरं काय म्हणतील? डॉर्थियाचं ऐकलंस ना? माझ्या सुखासाठी तिची तान्ही उघड्यावर टाकू?”

“मिकेल तुझं ऐकायला बसलाय तिथे.”

“मिकेलला ठाऊक आहे माझं मन,” मारेन म्हणाली. “त्याला सांगावं लागत नाही.”

हे तिने खरंच मनापासून म्हटलं. त्याने रात्री पाय अवघडला म्हणून कण्हायच्या आत ती उठायची. तिचं डोकं दुखायला लागलं की तो न विचारता खिडकी लावायचा. इतकी वर्षं असंच चाललं होतं. बोलायची सवयच राहिली नव्हती.

*

ती बाहेर आली तेव्हा खोलीतलं वारं बदललं होतं. हायरमची मान खाली होती, पण चेहरा निवळला होता. डॉर्थिया दाराजवळून उठून टेबलाशी बसली होती.

“वहिनी, बसा,” रास्मुस म्हणाला. “माझ्या मनात एक आलंय. मिकेलला तिथे घर पाहिजे. बरोबर आहे त्याचं. कुणालाही पाहिजे. पण त्यासाठी लॉरिट्सचं घर मोडायची काय गरज? आमची एल्से आहे.”

एल्से म्हणजे लॉरिट्स आणि रास्मुसची बहीण. त्याच तांड्यात होती. भावामागून आठवड्याभराने गेली. लग्न झालं नव्हतं.

“तिलाही कुणी नाही,” रास्मुस म्हणाला, आणि त्याचा आवाज खरोखर भरून आला. “एकोणीस वर्षांची पोर. मी नेहमी विचार करतो, ती तिथे कुणाकडे राहत असेल. मेलेल्यांसाठी करायचे बाकीचे सगळे विधी मेट्टेने तिच्या नावाने उन्हाळ्यात मंदिरात करून ठेवलेत. आता फक्त गाठ राहिलीय. ती मिकेलशी बांधू. तिला नवरा मिळेल, याला घर मिळेल, कुणाचं काही जाणार नाही. आपण तिकडेही सोयरे राहू.”

“हे चांगलं आहे, बाबा,” डॉर्थिया घाईने म्हणाली. “खरंच चांगलं आहे.”

“आणि आम्ही येऊच की तुमच्याकडे,” हायरम म्हणाला. “शेजारीच असणार सगळे.”

“शेजारी!” सिने म्हणाली. पण तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

मिकेलने मारेनकडे पाहिलं. तीही त्याच्याकडेच बघत होती. तिला वाटलं, आता हा हसेल. म्हणेल, त्या पोरीला घेऊन मी काय करू, माझ्या पोरींच्या वयाची ती. मग सगळे हसतील आणि मग मला बोलता येईल. ती थांबली.

मिकेलही थांबला होता. त्याने आपलं सगळं बळ एकवटून मघाशी विचारलं होतं. आयुष्यात त्याने कुणाकडे काही मागितलं नव्हतं. कालवा खणायला बोलावलं, गेला. मंदिराचा दगड ओढायला बैल घेऊन या म्हटलं, सात हिवाळे गेला. एकदाच मागितलं, आणि ती सूप बघायला गेली. सूप उतरवलेलं आहे हे खुर्चीतून त्याला दिसत होतं. माणूस नाही कसं म्हणतं हे त्याला ठाऊक होतं. मारेन नेहमी असंच म्हणायची, उठून दुसऱ्या खोलीत जाऊन. आता परत येऊन ती उभी होती आणि अजूनही गप्प होती. तिला लॉरिट्सच पाहिजे आहे, त्याला वाटलं. पहिल्यापासून तोच पाहिजे होता. मी त्याच्या जागी उभा राहिलो, तो उभाच राहिलो.

“बरं,” मिकेल म्हणाला.

“बरं म्हणजे?” रास्मुसने विचारलं.

“बरं म्हणजे चालेल. एल्से चांगली होती. चढावर गाडी ढकलताना शिव्या द्यायची. तुला माहीत नसेल, तू पुढे असायचास.”

रास्मुस हसता हसता डोळे पुसू लागला. मारेनने हातातला फडका टेबलावर ठेवला आणि त्याची घडी घातली. परत उलगडला, परत घडी घातली.

“एल्सेच्या जागी उभं कोण राहणार?” डॉर्थियाने विचारलं.

“मी राहीन,” मेट्टे पटकन म्हणाली.

“तू नको,” रास्मुस म्हणाला. “याची बायको जिवंत असताना तिने स्वतः त्याला दुसरीच्या हातात द्यायचं. रीत आहे तशी. तुला सांगायला पाहिजे का?”

“मला नकोच सांगायला,” मेट्टे म्हणाली.

“मी राहीन,” मारेन म्हणाली. त्या सबंध दुपारी टेबलाशी ती सुपाखेरीज एवढंच बोलली.

*

मंगळवारी ते मँटायला गेले. गाडीत गवत टाकून त्यावर मिकेलला खुर्चीसकट बसवलं होतं. टेकडीच्या पायथ्याशी हायरमने त्याला उचललं. बापाला उचलायची त्याची पहिलीच वेळ होती. त्याला वाटलं होतं, आजारी माणूस हलका असेल. पण पाण्याने भरलेलं ते शरीर ओल्या पोत्यासारखं होतं, आणि त्याच्या मानेभोवती पडलेला हात मात्र काटकीसारखा. त्याला काहीतरी बोलायचं होतं. मिरवणुकीतल्या घोड्यांबद्दल बोलायचं होतं. पायऱ्या चढता चढता शब्द जुळेनात.

“जड झालात, बाबा,” तो म्हणाला.

“उतरव इथे जरा. दम खा.”

मिकेलने भिंतीला हात लावला. पांढरट पिवळा दगड, दुपारच्या उन्हाने कोमट झालेला. कुठला दगड आपण ओढलेला, हे ओळखू येत नव्हतं. सगळे सारखेच होते.

आत काय होतं ते आमच्यात बाहेर बोलत नाहीत, म्हणून इथे लिहिणार नाही. एवढंच सांगते की मारेनला एल्सेच्या नावाने विचारलं गेलं आणि तिने एल्सेच्या नावाने हो म्हटलं. मिकेलचा हात तिच्या हातात होता. तो हात तिच्या ओळखीचा होता, अंगठ्याच्या मुळाशी बैलाच्या साखळीने पडलेला खड्डा होता. त्याला विचारलं तेव्हा त्यानेही हो म्हटलं, आणि म्हणताना तो तिच्याकडे न बघता तिच्या खांद्याच्या जरा बाजूला बघत होता. तिथे कुणीतरी उभं असावं असं. मारेनला मान वळवून पाहावंसं वाटलं. तिने पाहिलं नाही.

परत येताना रास्मुस खुशीत होता. गाडीत गवतामागे लपून बसूनही गाणं म्हणत होता. मिकेल खुर्चीत डोळे मिटून होता.

“तिचे केस कसे होते?” मारेनने एकाएकी विचारलं.

“कुणाचे?”

“एल्सेचे.”

“लाल,” मिकेल म्हणाला. डोळे न उघडताच, पण लगेच. विचार करावा लागला नाही त्याला.

मारेन गाडीमागे सुटत जाणाऱ्या रस्त्याकडे बघत बसली.

*

नोव्हेंबर लागला. मिकेलच्या पोटऱ्यांची कातडी फुटून पाणी झिरपायला लागलं. एका दुपारी मारेन जमिनीवर बसून पट्ट्या बदलत होती. सिने दूध घालायला गेली होती. घरात दोघंच होती.

“मी अर्ज करणार आहे,” मारेन म्हणाली.

“कसला?”

“गाठ सोडवायचा. लॉरिट्सची. भावोजींच्या पाया पडेन. सही दिली नाही तर त्यांच्या दारात बसेन. शिपायांना सांगेन, टोपी घालून कोण फिरतं ते.”

मिकेलला हसू आलं. हसताना खोकला आला. खोकला थांबायला वेळ लागला.

“उशीर झाला, मारेन.”

“तू अजून जिवंत आहेस.”

“ते नाही. एल्सेचं काय करायचं?”

तिने हातातली पट्टी खाली ठेवली.

“तिला आपण शब्द दिलाय,” तो म्हणाला. एकेका वाक्यानंतर तो दम घेत होता. “तिथे आतापर्यंत कुणीतरी सांगितलं असेल तिला. की बाई, तुझं माणूस येतंय आता. पोर वाट बघत असेल. तिला पुरली तेव्हा पायांत काही नव्हतं तिच्या, बूट दुसऱ्या कुणाला लागत होते. मीच काढले ते. आता तिला जाऊन काय सांगू? मी तुझा नाही, जरा गडबड झाली?”

“मिकेल, ती मेलीय.”

“मीही मरतोच आहे.”

मारेनने पट्टी गुंडाळायला घेतली. तिचे हात थांबेनात म्हणून ती गुंडाळतच राहिली, पट्टी संपली तरी.

“त्या दिवशी एल्सेला ‘नाही’ का म्हटलं नाहीस?” तिने विचारलं.

“तू म्हणशील म्हणून थांबलो.”

“मीही तू म्हणशील म्हणूनच थांबले होते.”

“असं होय,” मिकेल म्हणाला.

त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात जड होता. तिने तो तसाच राहू दिला. बाहेर सिने आल्याचा आवाज झाला, तिने बादली दारात ठेवली, बूट झटकले, आणि दोघांकडे एकदा बघून ती परत गोठ्याकडे गेली.

मारेनने अर्ज केला नाही. मिकेलला मंदिराच्या कपड्यांत घालून गावच्या दफनभूमीत पुरलं. रास्मुसने त्याच्या शेजारी एल्सेच्या नावाचा एक छोटा दगड उभा केला, खाली कुणी नसलेला. मिकेलशेजारची जागा त्यामुळे गेली. मारेन गेल्यावर तिला दोन ओळी सोडून, मधल्या काळात लॉरिट्सच्या नावाने उभारलेल्या दगडाशेजारी ठेवलं. त्याच्याही खाली कुणी नव्हतं.

मिकेल १८८८ च्या नोव्हेंबरात, एकविसाव्या तारखेला सकाळी गेला. रास्मुस १८९७ साली उन्हाळ्यात गेला. मारेन १९०४ च्या फेब्रुवारीत गेली.